चटईखालचा पत्रा

आमच्या घरी एक जुनी मोटारगाडी आहे. 'आहे' हे क्रियापद येथे आम्ही जरा भीतभीतच योजीत आहो. कारण ती गाडी अद्याप आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या अर्थाने आहे, हाच प्रश्न गेले सहा महिने आमच्या घरात वादाचा होऊन बसला आहे. ज्या वाचकांस मोटारींची आवड नाही त्यांनी एवढ्यावरून पान उलटू नये अशी विनंती आहे. वाद मोटारीवरून निघाला खरा, पण तो मोटारीपाशी थांबला नाही.

गाडी आमच्या तीर्थरूपांची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नमुन्याबरहुकूम ज्या गाड्या तयार होत, त्यांपैकी ही १९६६ सालची 'अकराशे डिलाइट'. हिचीच पुढली भावंडे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने प्रसिद्ध झाली आणि काळ्यापिवळ्या रंगात मुंबईच्या रस्त्यांवर इतकी वर्षे धावली की, ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सींची मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या थोर पुरुषाच्या निधनाप्रमाणे त्यांच्यावर लेख लिहिले.

या गाडीचे एंजिन पुढे, आणि त्याचा जोर जातो मागल्या चाकांना. गिअरपेटीपासून मागल्या आंसापर्यंत एक लोखंडी दांडा सारखा फिरत असतो. तो बसणाऱ्यांच्या पायांमधून सुखरूप जावा म्हणून गाडीच्या तळाचा पत्रा मधोमध उंच उचलून, पन्हळ उपडी घालावी तसा केलेला असतो. कारागीर त्यास टनेल म्हणतात. आमच्या घरी त्यास 'उंट' म्हणत. मागल्या बाकावरील मधली जागा सर्वांत लहान मुलाची. कारण उंटाच्या दोन्ही अंगांस पाय टाकून बसणे मोठ्यांस अवघड जाई. धाकट्या बंधूंनी आम्हांस पदच्युत करीपर्यंत पैठणची नाथषष्ठी आणि वेरूळचा श्रावणी सोमवार या दोन्ही यात्रा आम्ही उंटावर बसूनच केल्या आहेत. हिवाळ्याच्या पहाटे त्या पत्र्यातून वर येणारी ऊब अजून पोटऱ्यांस आठवते.

तीर्थरूप गेल्यावर गाडी चौदा वर्षे पडवीत उभी होती. गेल्या वर्षी आम्ही ती दुरुस्त करण्याचे मनावर घेतले आणि शहागंजाच्या बाजूस पत्राकाम करणारे एक वृद्ध उस्ताद आहेत त्यांच्या स्वाधीन केली. वरून गाडी ठीक दिसत होती. उस्तादांनी बाके काढली, रबरी चटई गुंडाळली, आणि हातातली टोचणी उंटाच्या पाठीवर सहज दाबली. ती पापडात जावी तशी आत गेली. उस्ताद आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "सर, उप्पर से दुल्हन है, नीच्चे कुछ बी नई."

असे का व्हावे? आमच्या शहराची हवा तर कोरडी. समुद्र शेकडो मैल दूर. उस्तादांनी कारण दाखविले ते असे. पुढल्या काचेचे रबर जुने होऊन त्यातून पावसाचे पाणी झिरपे. चटईखाली तागाचे जे अस्तर असते ते हे पाणी महिनोन्महिने धरून ठेवी. वरून चटई हाताला कोरडी लागे, आणि खाली पत्रा भिजत राही. आणखी एक गोष्ट निघाली. अस्तर खरवडल्यावर एका ठिकाणी डांबराचा जाड थर लागला, आणि त्याखाली रिबिटांनी ठोकलेला एक पातळ तुकडा. तो तुपाच्या डब्याचा होता. आतल्या बाजूस अक्षरे अजून वाचता येत होती.

हे टनेल म्हणजे केवळ झाकण असते तर लेख येथेच संपला असता. पुष्कळ जुन्या मोटारींत खाली लोखंडी सांगाडा असे व त्यावर पेटी ठेविलेली असे. तेथे टनेल सडले तर उचलून दुसरे घालावे, झाले. या फियाटमध्ये सांगाडा आणि पेटी अशी दोन नाहीतच. तळ, खांब, छप्पर हे सारे एकमेकांस सांधून पत्र्याचाच सांगाडा केलेला आहे. सपाट कागद एका टोकास धरला तर लवतो, त्यालाच मधे घडी घातली की ताठ राहतो; गाडीच्या तळाची ती घडी म्हणजे हे टनेल. त्यास कणा म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. उस्तादांनीही ते कापण्याआधी दारांच्या चौकटींत लोखंडी नळ आडवे टाकून तात्पुरते टाके घातले. नाही तर कणा निघताच गाडी मधोमध बसते, आणि मग तिचे दरवाजे जन्मात नीट लागत नाहीत.

आता करावयाचे काय? मार्ग तीन होते. पहिला, सडलेल्या भागावर ठिगळे मारून वर लांबी भरावी आणि रंग द्यावा. चटई पसरली की काही दिसत नाही. दुसरा, मोडीत निघालेल्या एखाद्या पद्मिनीचे टनेल कापून आणावे. कुर्ल्याच्या मोडबाजारात असा माल मिळतो, आणि उस्तादांच्या मते साचा एकच असल्याने ते बेमालूम बसेल. तिसरा, नवा वीस गेजचा पत्रा घेऊन तो जुन्या टनेलाच्या मापाने हाताने ठोकून घडवावा. पहिला मार्ग आम्ही ऐकताच नाकारला. यात मोठी नीतिमत्ता नव्हती. आमची पाच वर्षांची नात त्या उंटावर बसण्याचे स्वप्न पाहत आहे, एवढेच कारण पुरेसे होते. पण उरलेल्या दोहोंपैकी कोणता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केल्यावर लोकांस सांगावयाचे काय, येथे खरी अडचण सुरू झाली.

अडचणीस कायद्याचे निमित्त झाले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत भर घातली. तदनुसार पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीस 'व्हिंटेज' हा दर्जा मिळतो. नोंदणी दहा वर्षांची होते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास नव्हे, तर प्रदर्शने, मेळावे अशा प्रसंगीच बाहेर काढता येते. अट अशी की, गाडीचा कोणताही मोठा 'ओव्हरहॉल' झालेला नसावा, आणि त्या शब्दात सांगाडा, पेटी वा एंजिन यांतील फेरफार समाविष्ट आहे. पुण्याहून आमच्या बंधूंचा फोन आला. "दादा, अर्ज करून टाक. मूळ रूपात आहे म्हणून लिही. चटई उचलून कोण पाहणार आहे?"

बंधू अप्रामाणिक नाहीत. उलट त्यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. जे सडले तेच, त्याच आकाराचे, त्याच जागी, त्याच कामासाठी बसविले तर त्यास फेरफार म्हणावयाचे का? दात पडला आणि कवळी बसविली म्हणून मनुष्य बदलला असे आपण म्हणत नाही. आम्ही तीस वर्षे इंग्रजी शब्दांच्या अर्थच्छटा मुलांस शिकविल्या. तरी या एका 'ओव्हरहॉल'ने आम्हांस हरविले. हात लावला एवढ्यावरून फेरफार झाला असे म्हणावे, तर पन्नास वर्षे हात न लावता चालती राहिलेली गाडी जगात नाही. हात लावूनही फेरफार नव्हे असे म्हणावे, तर एकेक तुकडा बदलीत सारी गाडी नवी करूनही ती मूळचीच ठरेल.

हा पेच फार पुराणा आहे. अथेन्सचे लोक थीसियसचे जहाज जपून ठेवीत, कुजलेली फळी काढून नवी घालीत, आणि ते तेच जहाज की नव्हे यावर तत्त्ववेत्ते भांडत, असे प्लुटार्कने लिहून ठेविले आहे. पुढे हॉब्ज या इंग्रज पंडिताने त्यात भर घातली की, काढलेल्या फळ्या जपून त्यांचे दुसरे जहाज कोणी जोडले तर खरे कोणते? परंतु आमच्या शहरात राहणाऱ्यास या प्रश्नासाठी ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे जे महाविद्यालय सुरू केले त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले, आणि त्याच्या परिसरास नागसेनवन म्हणतात. तो मिलिंद म्हणजे यवन राजा, आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांस उत्तरे देणारा बौद्ध भिक्षू. त्या दोघांचा प्रसिद्ध संवाद रथावरूनच सुरू होतो. राजा रथात बसून आला होता. नागसेन विचारतो, आंस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ? जू? दांडी? लगाम? प्रत्येकास राजा नाही म्हणतो. मग हे सारे एकत्र केले म्हणजे रथ? तेही नाही. यांहून वेगळा रथ म्हणून काही आहे? तेही नाही. अखेरीस राजासच कबूल करावे लागते की, या सर्वांच्या आधाराने लोकव्यवहारात 'रथ' हे नाव चालते, एवढेच. नागसेनवनावरून आमचे कित्येकदा जाणे होते. पण या संवादाची धार कधी एवढी जाणवली नव्हती. आमच्या रथाची दांडी तर उघडीच पडली होती.

हे बंधूंस सांगितले तेव्हा ते हर्षभरित झाले. "बघ, तुझा नागसेनही माझ्याच बाजूचा! गाडी म्हणजे नुसते नाव. मग मूळ रूपात आहे म्हटले तर बिघडले कोठे?"

पुष्कळांचा असाच समज होतो. आमच्या मते निष्कर्ष याच्या नेमका उलट निघतो. गाडीचे गाडीपण जर लोखंडात असते तर आपल्या बोलण्याने त्यास धक्का लागला नसता. आपण काहीही सांगितले तरी लोखंड जेथल्या तेथे राहिले असते. पण ते लोखंडात नाही. ते लोकव्यवहारात आहे. लोकव्यवहार म्हणजे चारचौघांनी एकमेकांच्या शब्दावर विसंबून चालविलेले बोलणे. '१९६६ सालची गाडी' हे नाव ज्या एकाच खुंटीवर टांगलेले आहे ती खुंटी म्हणजे सांगणाऱ्याचा शब्द. पत्रा काढून दुसरा घातला तर खुंटीस काही होत नाही. पत्रा बदलून 'बदलला नाही' असे म्हटले की खुंटीच उपटली, आणि मग आतले सारे लोखंड अस्सल असले तरी नाव टांगावयास जागा राहत नाही. वस्तू नाममात्र आहेत असे मानणाऱ्याने म्हणूनच इतरांपेक्षा अधिक जपून बोलले पाहिजे. बंधूंनी यावर "तू प्रोफेसर आहेस" एवढेच म्हणून फोन ठेविला.

नुसत्या तर्काने कोणाचे समाधान होत नाही हे आम्हांसही कळते. तेव्हा जवळची दोन उदाहरणे देतो. पैठणच्या नाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत त्या ग्रंथात नाना हातांनी नाना पाठ घुसडले गेले होते. नाथ स्वतः थोर कवी. गाळलेल्या जागी आपल्या ओव्या घालून त्या बेमालूम बसविणे त्यांस जड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. इतकेच नव्हे, तर ग्रंथाच्या शेवटी, आपण कोणत्या शकात काय केले हे त्यांनी स्वतः सांगितले, आणि पुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही दिली. डागडुजी करणारा जेथे संपतो आणि मूळ ग्रंथकर्ता जेथे सुरू होतो, ती रेषा त्यांनी पुसू दिली नाही.

दुसरे उदाहरण अजिंठ्याचे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी व त्याचा सहकारी काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस बोलावून भित्तिचित्रांची दुरुस्ती करविली. त्यांनी चित्रे जपण्यासाठी लाखेचे रोगण दिले. हेतू चांगला, कसब मोठे. पण काळ लोटला तसे ते रोगण पिवळे-तपकिरी पडले आणि त्याखाली बोधिसत्त्वांची मुखे मळकट दिसू लागली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस ते काढीत बसावे लागले. येथे पुष्कळ जण त्या इटालियनांस दोष देतात. आम्ही देत नाही. त्यांनी जे केले ते उघड केले. काय लाविले हे ठाऊक होते, म्हणूनच ते उतरविण्याचा उपाय शोधता आला. चुकणे माणसाच्या हाती नाही, पण चूक पुढच्यास सापडेल अशी ठेवणे हाती आहे. पुराणवास्तूंविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली तीतही नवा भाग जुन्याशी जुळावा, पण जुना म्हणून खपू नये, असा दंडक आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने याच धर्तीवर जी सनद केली तिला नाव तुरीनचे आहे. फियाटचे माहेरही तेच.

एवढे सारे ठरवून आम्ही स्वतःवर जरा प्रसन्न झालो होतो. तोच ती वही सापडली.

तीर्थरूप गाडीचा खर्च एका लांबट वहीत लिहून ठेवीत. पेट्रोल, टायर, एंजिनाचे तेल, सारे पैशांसकट. जुनी मापे कोठे मिळतात का म्हणून आम्ही ती चाळीत होतो. १९८४ सालच्या पानावर एक ओळ निघाली: 'तळाचे पत्राकाम, रु. १८५.' आता, आमचे वडील वकील होते, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पक्षकारास व पाहुण्यास ते अभिमानाने सांगत की, ही गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे, हिला पत्राकामाचा हात लागलेला नाही. हे वाक्य आम्ही १९८४ नंतरही शंभर वेळा ऐकले आहे. तुपाच्या डब्याचे ठिगळ त्यांस ठाऊक होते की कारागिराने त्यांस फसविले, हे आता कळण्यास मार्ग नाही. पण काम झाले हे त्यांस ठाऊक होते.

वडिलांविषयी असे छापावे की नाही याचा आम्ही बराच विचार केला. बंधूंस ते रुचलेले नाही. एक मन म्हणते की, दारात उभ्या राहून केलेली ती बढाई होती, साक्ष नव्हती. आणि बढाईस शपथ लागत नाही. परंतु आम्ही ज्या उंटावर बसून पैठणास जात होतो त्याच्या पाठीत डब्याचा पत्रा होता, आणि तो बारा वर्षांच्या मुलास ठाऊक असण्याचे कारण नसले तरी त्याच्या वडिलांस होते. त्यांच्यावर रागावावे असे आम्हांस वाटत नाही. आश्चर्य मात्र वाटते की, ज्या हाताने त्यांनी खरे लिहिले तो हात आणि जे तोंड वेगळे बोलत होते ते तोंड, ही दोन्ही एकाच मनुष्याची होती, आणि वहीची ती ओळ त्यांनी खोडली नाही. जाळणे, फाडणे, काहीच अवघड नव्हते. ओळ चाळीस वर्षे तेथे होती, वाचणारा कोणी येईपर्यंत.

यानंतर दुसरा मार्गही आमच्या मनातून उतरला. मोडीतल्या पद्मिनीचे टनेल बसविले असते तर ते इतके बेमालूम बसले असते की, दहा वर्षांनी आम्हांसही ओळखता आले नसते. म्हणून नवा पत्रा घडविण्याचे ठरले. उस्तादांनी अकरा दिवस काम केले. सांधलेले ठिपके एकेक करून छिद्र पाडून सोडविले, जुने टनेल अखंड उचलून बाजूस ठेविले, आणि त्यावरून लाकडाच्या ठोकळ्यावर नवे ठोकले. शेवटच्या दिवशी त्यांच्याशी आमचा एक लहानसा खटका उडाला. हातोडीच्या खुणा खालच्या बाजूस तशाच राहू द्याव्या, म्हणजे पुढच्यास हे हातचे काम कळेल, असे आम्ही सुचविले. उस्ताद दुखावले. "सर, पचास साल का हाथ है. मेरे काम पे दाग रखूँ?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुढच्यास खरे सांगण्याच्या उत्साहात आम्ही समोरच्याच्या कसबावर डाग मागत होतो. अखेर पत्रा त्यांच्या मनासारखा गुळगुळीत झाला, आणि खालच्या बाजूस, गिअरपेटीच्या मागे, छापणीने वर्षाचे चार आकडे ठोकले. नाव घालण्यास त्यांनी नकार दिला.

अर्ज गेला आहे. त्यास आम्ही एक पुरवणी जोडली. जुने टनेल, नवे टनेल, दोहोंची छायाचित्रे, आणि 'यास ओव्हरहॉल म्हणावयाचे किंवा नाही हे आपण ठरवावे' असे एक वाक्य. अर्ज भरून देणारा एजंट तो कागद दोनदा काढून टाकू पाहत होता. "सर, हे कोणी मागितलेले नाही," असे त्याने कळवळून सांगितले. दर्जा मिळेल की नाही, सांगता येत नाही. न मिळाल्यास गाडी साध्या नोंदणीवर चालेल, दर पाच वर्षांनी तपासणीस न्यावी लागेल, आणि बंधू आम्हांस आयुष्यभर बोल लावतील.

जुने टनेल माजघरावरच्या माळ्यावर ठेविले आहे. तीर्थरूपांची वही आम्ही खाली आणली. तीत पुष्कळ पाने कोरी होती. शेवटल्या नोंदीखाली तारीख घालून आम्ही लिहिले: 'मधले टनेल नवे बसविले, १९८४ चे ठिगळ काढिले.' पुढे रक्कम लिहिली. वडिलांचे आकडे आमच्याहून सुवाच्य आहेत.